दातांची तार आणि श्वासाची वाट

(आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक सभेस जोडून हातकणंगले येथे झालेल्या देणगीदार व पालक मेळाव्यात दंत विभाग आणि कान-नाक-घसा विभाग यांच्या वतीने करण्यात आलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून एखादा विभाग आपल्या कामाचा परिचय करून देत असतो. यंदा दोन विभाग एकत्र उभे राहिले आहेत. एक दातांचा आणि दुसरा कान, नाक व घशाचा. आमचे दोन्ही बाह्यरुग्ण कक्ष एकाच ओसरीच्या दोन टोकांना आहेत, तरीही अनेक वर्षे एका टोकाचा रुग्ण दुसऱ्या टोकाला क्वचितच जात असे. दात वेडेवाकडे असतील तर तार बसवायची, कान वाहत असेल तर औषध घालायचे, अशी कामाची सरळ वाटणी होती. ही वाटणी मुलांच्या हिताची नाही, हे आम्हाला रुग्णांनीच शिकविले. ते आपणापुढे मांडावे आणि त्यासंबंधी आपले साहाय्य मागावे, यासाठी आजचा विषय घेतला आहे.

टाळू आणि नाक

वरच्या जबड्याची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. आपण जिला टाळू म्हणतो ती तोंडाची तक्तपोशी होय. पण तीच नाकाची जमीन आहे. एकाच हाडाच्या खालच्या बाजूस जीभ टेकते आणि वरच्या बाजूने श्वास वाहतो. टाळू अरुंद व उंच कमानीची असेल, तर तिच्यावरील नाकाची पोकळीही बहुधा अरुंद असते. वरच्या दाढांची मुळे गालाच्या हाडातील पोकळीच्या, म्हणजे सायनसच्या, तळाशी अगदी जवळ येतात. टाळूच्या मागील मऊ भागाला ताण देणारा जो स्नायू आहे, तोच घसा आणि मध्यकर्ण यांना जोडणारी नलिका उघडतो. आपण आवंढा गिळतो तेव्हा कानात हलकासा आवाज होतो, तो या नलिकेच्या उघडण्याचा. लहान मुलांत ही नलिका आखूड आणि बरीचशी आडवी असते, म्हणून सर्दी झाली की मुलांचे कान लवकर बिघडतात.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे जबडा हलविणारा दंतवैद्य नाकाच्या आणि कानाच्या शेजारीच काम करीत असतो, हे सहज पटेल. मात्र शेजार आहे म्हणून एका घरातील औषधाने दुसऱ्या घरातील आजार बरा होईलच असे नाही. आमच्या आजच्या सांगण्यातील महत्त्वाचा भाग हाच आहे.

एका मुलीची हकिकत

काही वर्षांपूर्वी जवळच्याच एका गावातून नऊ वर्षांची मुलगी दंत विभागात आली. सोबत आई आणि आजी होती. वरचे पटाशीचे दात पुढे आलेले आणि एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत असलेल्या. आईची मागणी साधी होती, “डॉक्टर, दात तेवढे आत घ्या. उद्या लग्नाच्या वेळी अडायला नको.” आम्ही तपासत असताना मुलीचे तोंड सतत उघडे होते. ओठ कोरडे, डोळ्यांखाली काळसर छटा. प्रश्न विचारला की ती आधी आईकडे पाही. झोपेबद्दल विचारले तेव्हा आजी म्हणाल्या, “घोरतीया की. पण त्यात काय, हिचा आजापण घोरायचा.” शाळेचा विषय निघाला तेव्हा आईने खाली मान घालून सांगितले, की गुरुजी म्हणतात पोरीचे लक्ष नसते, दोनदा हाक मारावी लागते.

त्या दिवशी तारेचे माप घेतले नाही. मुलीला ओसरीच्या दुसऱ्या टोकाला पाठविले. कानाच्या पडद्यामागे दोन्ही बाजूंस चिकट द्रव साचला होता. नाकाच्या मागे, टाळूच्या वर असणारी ॲडिनॉइडची गाठ मोठी झाली होती. श्रवणचाचणीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असल्याचे दिसले. आपण दोन्ही कानांत बोटे घालून समोरच्याचे बोलणे ऐकावे, तसे ती मुलगी वर्गात ऐकत होती.

असा द्रव पुष्कळ मुलांत तीन महिन्यांच्या आत आपोआप ओसरतो, म्हणून घाईने शस्त्रक्रिया करावयाची नसते. आम्ही तीन महिने थांबलो, नाकाच्या ॲलर्जीचा उपचार केला आणि पुन्हा चाचणी घेतली. द्रव तसाच होता. मग ॲडिनॉइड काढून पडद्यात बारीक नळ्या बसविण्यात आल्या. काही आठवड्यांनी मुलगी आली ती आजीच्या आधी बोलू लागली. दात मात्र होते तसेच होते. जबडा रुंद करण्याचे काम त्यानंतर हाती घेतले.

श्वासाचा दातांवर परिणाम

नाक बंद असलेले मूल तोंडाने श्वास घेते. त्यासाठी खालचा जबडा खाली राहतो आणि जीभ टाळूवरून खाली उतरते. वरच्या दाढांना आतून जिभेचा जो आधार मिळावयास हवा तो मिळत नाही आणि बाहेरून गालांचा दाब मात्र चालूच राहतो. वाढीच्या वयात वर्षानुवर्षे असे झाले की टाळू अरुंद होण्यास, दात पुढे येण्यास आणि चेहरा लांबट होण्यास हातभार लागतो.

हे ज्ञान एका दिवसात आलेले नाही. कोपनहेगन येथील विल्हेल्म मेयर या वैद्यांनी १८६८ साली ॲडिनॉइडच्या वाढीचे सविस्तर वर्णन केले आणि तिचा श्रवणाशी असलेला संबंध दाखविला. पुढे १९७० साली स्वीडनमधील स्टेन लिंडर-आरोनसन यांनी ॲडिनॉइड वाढलेल्या मुलांच्या श्वासाचा, चेहऱ्याच्या हाडांचा आणि दातांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. एगिल हारवोल्ड यांनी माकडांची नाके बंद करून केलेल्या प्रयोगांत जबडे आणि दात बदललेले आढळले. पण प्रत्येक माकडात बदल सारखा नव्हता. माणसांतही तसेच आहे. तोंडाने श्वास घेणाऱ्या प्रत्येक मुलाचे दात वाकडे होत नाहीत आणि दात वाकडे असलेल्या प्रत्येक मुलाचे नाक बंद नसते. आनुवंशिकता, अंगठा चोखण्याची सवय, दुधाचे दात अकाली पडणे अशी इतर कारणेही असतात.

आपल्या तालुक्यात नाकाला त्रास देणाऱ्या गोष्टींची वाण नाही. उसाचा पाला पेटविला की त्याची काजळी अंगणात येऊन पडते. शेजारच्या इचलकरंजीत यंत्रमागांवर कापसाचे तंतू उडत असतात. हुपरीत चांदीचे दागिने घडविणारी कुटुंबे घरातच भट्टी आणि पॉलिशचे काम करतात. अनेक घरांत चूल अजूनही पेटते. यांतील प्रत्येक गोष्ट प्रत्येक मुलाला बाधतेच असे आम्ही म्हणणार नाही. पण सतत सर्दी असलेल्या मुलाच्या पालकांना घरातील धूर आणि धूळ यांविषयी आम्ही आवर्जून विचारतो.

जबडा रुंद केल्याने काय साधते

वरचा जबडा दोन भागांचा असतो. टाळूच्या मध्यरेषेवर त्यांचा सांधा असतो आणि वाढीच्या वयात तो पुरता जुळलेला नसतो. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील एमर्सन एंजेल यांनी स्क्रूच्या साहाय्याने हा सांधा उघडून जबडा रुंद करता येतो, हे १८६० साली प्रसिद्ध केले. समकालीनांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. शंभर वर्षांनी, १९६१ साली, अँड्र्यू हास यांच्या लेखनानंतर ही पद्धत पुन्हा रूढ झाली.

आज हे उपकरण वरच्या दाढांना चिकटविले जाते. मध्ये एक लहान स्क्रू असतो. पालकांनी घरी बारीक चावीने तो दिवसातून एकदा किंवा दोनदा, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, फिरवावयाचा असतो. चावीच्या एका फेऱ्यात सुमारे पाव मिलिमीटर अंतर वाढते. दोन-तीन आठवड्यांत हवी तेवढी रुंदी येते आणि मधल्या फटीत नवे हाड भरेपर्यंत उपकरण आणखी तीन ते सहा महिने तसेच ठेवावे लागते. आमच्या त्या मुलीच्या घरी चावी आजी फिरवीत. दहाव्या दिवशी त्या घाबऱ्याघुबऱ्या आल्या, कारण समोरच्या दोन दातांत मोठी फट पडली होती आणि शेजारणींनी पोरीचे दात बिघडविले असा निकाल दिला होता. ही फट म्हणजे सांधा उघडल्याची खूण असते आणि ती पुढे बहुधा आपोआप मिटते, हे आम्ही आधीच नीट समजावून सांगावयास हवे होते. तेव्हापासून पहिल्याच भेटीत आम्ही ते चित्र काढून दाखवितो.

जबडा रुंद झाला की त्यावरील नाकाची जमीनही थोडी रुंद होते, आणि अनेक मुलांत नाकातून हवा जाण्यास होणारा अडथळा कमी झाल्याचे मोजमापांत आढळते. तथापि हा लाभ प्रत्येक मुलात सारखा नसतो. अडथळा नाकाच्या पुढच्या भागातील अरुंदपणामुळे असेल तर उपयोग होण्याची शक्यता अधिक. तो ॲडिनॉइडमुळे, ॲलर्जीच्या सुजेमुळे किंवा नाकाच्या वाकड्या पडद्यामुळे असेल, तर केवळ चावी फिरवून तो दूर होत नाही.

कानाविषयीही असेच सांगता येते. टाळू रुंद झाल्यावर काही मुलांची श्रवणशक्ती सुधारल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. १९८१ साली अमेरिकेतील दंतोपचाराच्या नियतकालिकात अशा एका रुग्णाची माहिती प्रसिद्ध झाली होती. टाळूच्या स्नायूंना मिळणारा नवा ताण नलिका उघडण्यास मदत करीत असावा, असा त्यामागचा विचार आहे. परंतु हे अभ्यास लहान आहेत आणि कानातील द्रव पुष्कळदा आपोआपही ओसरतो. म्हणून केवळ कान सुधारावा यासाठी जबडा रुंद करण्याचा सल्ला आम्ही देत नाही. जबड्यासाठी तो उपचार आवश्यक असेल आणि त्यासोबत कानालाही लाभ झाला, तर आनंदच आहे.

घोरणे आणि झोप

झोपेत श्वास अडखळणे हा मुलांतील गंभीर विकार होय. रात्रभर घोरणे, मधेच श्वास थांबून दचकणे, घामाघूम होणे, अंथरुणात लघवी होणे, सकाळी डोके दुखणे आणि दिवसा चिडचिड किंवा अतिचंचलता, अशी त्याची रूपे असतात. त्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे वाढलेले टॉन्सिल आणि ॲडिनॉइड. इटलीतील पिरेल्ली आणि सहकाऱ्यांनी २००४ साली अशा ३१ मुलांत जबडा रुंद केल्यावर श्वास सुधारल्याचे प्रसिद्ध केले. मात्र ती मुले अरुंद जबड्याची आणि टॉन्सिल-ॲडिनॉइड न वाढलेली अशी निवडलेली होती. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टॉन्सिल-ॲडिनॉइड काढलेल्या मुलांपैकी ७९ टक्के मुलांचा झोपेतील श्वास सात महिन्यांनी पूर्ववत आढळला. केवळ देखरेखीखाली ठेवलेल्या मुलांतही तो ४६ टक्के मुलांत पूर्ववत झाला होता. म्हणजे काही मुलांना शस्त्रक्रियेचा निश्चित लाभ होतो आणि काहींच्या बाबतीत वाट पाहणेही योग्य ठरते. हा निर्णय तपासून घ्यावयाचा असतो.

अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने २०१९ साली या विषयावर विस्तृत निवेदन काढले. पुढे श्वासाचा विकार होऊ नये म्हणून आधीच जबडा रुंद करून घ्यावा, या मताला त्यात आधार दिलेला नाही. तारेच्या उपचारासाठी दात काढल्याने श्वासमार्ग अरुंद होऊन असा विकार जडतो, ही भीतीही त्यात निराधार ठरविली आहे. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण दोन्ही प्रकारच्या गोष्टी ऐकून घाबरलेले पालक आमच्याकडे येतात. काही जण शस्त्रक्रिया टळावी म्हणून तार मागतात. त्यांच्या मनातील भीती आम्ही समजू शकतो, पण ॲडिनॉइडने कोंडलेल्या मुलाला चावीचे उपकरण लावून वर्ष घालविणे म्हणजे त्याच्या ऐकण्याचे आणि झोपेचे वर्ष घालविणे होय.

आमची एक चूक

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. एका यंत्रमाग कामगाराचा बारा वर्षांचा मुलगा दंत विभागात आला होता. वरचा जबडा अरुंद होता. आम्ही उपकरण बसविले, रुंदी छान आली, फोटो काढले आणि मुलाला घरी पाठविले. दोन वर्षांनी तो परत आला तेव्हा जबडा बराचसा पुन्हा अरुंद झाला होता. त्याचे तोंड उघडेच होते, आणि पहिल्या तपासणीच्या कागदावर तो श्वास कसा घेतो याची एक ओळही आम्ही लिहिलेली नव्हती. नाकात ॲलर्जीची मोठी सूज होती आणि पडदा वाकडा होता. जीभ टाळूवर कधी बसलीच नव्हती, मग मिळविलेली रुंदी टिकावी कशी? मुलाच्या वडिलांनी महिन्या-महिन्याला मजुरीतून पैसे बाजूला काढून तो उपचार केला होता. दुसरा उपचार रुग्णालयाने विनामूल्य केला, पण त्या मुलाच्या वाढीची दोन वर्षे आम्हाला परत करता आली नाहीत. वय वाढेल तसा टाळूचा सांधा घट्ट होत जातो आणि काम अवघड होते.

त्या दिवसानंतर दंत विभागाच्या नोंदपत्रावर पहिलाच प्रश्न श्वासाचा आला. तारेसाठी येणाऱ्या प्रत्येक बालकाची नाक-कानाची प्राथमिक तपासणी होते आणि दोन्ही विभाग आठवड्यातून एकदा एकत्र बसून अशा मुलांविषयी निर्णय घेतात. त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नाही, ओसरी ओलांडावी लागली.

दुभंगलेल्या टाळूची मुले

या दोन विभागांनी एकत्र काम केल्यावाचून ज्यांचे भागतच नाही, अशी मुले म्हणजे दुभंगलेले ओठ आणि टाळू घेऊन जन्मलेली. त्यांच्यात नलिका उघडणारा स्नायू आपल्या जागी नसतो, म्हणून मध्यकर्णात द्रव साचणे हे जवळजवळ नित्याचेच असते. टाळू शिवली म्हणजे उपचार संपला असे समजून अनेक कुटुंबे येणे थांबवितात. वास्तविक या मुलांचे कान बालपणभर वेळोवेळी तपासावे लागतात. साधारणतः ९ ते ११ वर्षांच्या सुमारास, सुळा येण्यापूर्वी, हिरडीच्या फटीत हाड भरण्याची शस्त्रक्रिया करतात आणि पुष्कळदा तिच्या आधी जबडा रुंद करावा लागतो. दंतवैद्य, प्लास्टिक सर्जन, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ या सर्वांनी मिळून एका मुलासाठी पंधरा-अठरा वर्षे उभे राहावे लागते. आपल्याच तालुक्यातील नवे पारगाव येथे तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे, मिरज आणि कोल्हापूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. जे आमच्याकडे होत नाही त्यासाठी कुठे जावे हे सांगणे आणि परत आल्यावर पुढचा पाठपुरावा करणे, ही आमची जबाबदारी आहे.

तार असलेल्यांसाठी काही सूचना

तार घट्ट केल्यावर दोन-तीन दिवस दुखते आणि ती कळ कधी कधी कानाकडे जाते. कानासमोरचा जबड्याचा सांधा दुखत असेल तरी कान दुखल्यासारखे वाटते. १९३४ साली अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी जबड्याच्या सांध्याचा कानाच्या तक्रारींशी संबंध जोडला. त्यांची सर्व अनुमाने पुढे टिकली नाहीत, पण कान निर्दोष असताना कान दुखू शकतो ही गोष्ट खरी आहे. तारेच्या उपचाराने हा सांधा हमखास बिघडतो किंवा हमखास बरा होतो, यांपैकी काहीही खरे मानू नये. मात्र तीन-चार दिवसांहून अधिक काळ दुखल्यास, ताप आल्यास किंवा कानातून पाणी आल्यास तारेला दोष देत घरी न थांबता कान तपासून घ्यावा.

सर्दीत वरच्या अनेक दाढा एकाच वेळी दुखू लागल्या, खाली वाकल्यावर गाल जड झाला, तर दुखणे सायनसचे असू शकते. याउलट, एकाच बाजूच्या नाकातून घाण वास येणारा शेंबूड सतत येत असेल, तर त्याचे मूळ किडलेल्या वरच्या दाढेत असण्याचा संभव असतो. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांचे तोंड कोरडे पडते, त्यामुळे तारेभोवती कीड आणि हिरड्यांची सूज लवकर येते. त्यांनी रात्रीचे दात घासणे कधीही चुकवू नये. तारेचा सुटलेला तुकडा गिळला गेला आणि त्यानंतर खोकला किंवा श्वासाचा त्रास सुरू झाला, तर त्वरित रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रियेची तारीख ठरली असल्यास भूलतज्ज्ञांना तोंडातील उपकरणाची कल्पना द्यावी.

पालकांनी घरी एवढेच करावे. मूल झोपल्यावर आठवड्यातून एखाद्या रात्री दहा मिनिटे त्याच्याजवळ बसून तोंड बंद आहे का, घोरणे आहे का, श्वास अडतो का, हे पाहावे. सर्दी नसताना बहुतेक रात्री घोरणारे मूल आम्हाला दाखवावे. वर्गात लक्ष नसते अशी तक्रार आली, तर रागावण्यापूर्वी त्याचे ऐकणे तपासून घ्यावे. तारेच्या उपचाराच्या दृष्टीने दातांची पहिली तपासणी सातव्या वर्षाच्या सुमारास व्हावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात, आणि त्यांच्या तपासणीत दात, कान आणि श्रवण या तिन्हींचा समावेश असतो. पथकाने दिलेली चिठ्ठी दप्तरात तशीच राहू देऊ नये.

देणगीदारांना विनंती

आता देणगीदारांकडे वळतो. तारेने सरळ झालेले दात फोटोत दिसतात, म्हणून अशा कामासाठी देणगी मागणे सोपे असते. आज आम्ही फोटोत न दिसणाऱ्या कामासाठी मागत आहोत. श्रवणचाचणीसाठी बाहेरचा आवाज न येणारी एक खोली आम्हाला हवी आहे. सध्या रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली की चाचणी थांबवावी लागते. मध्यकर्णातील द्रव ओळखणारे टिंपॅनोमेट्रीचे यंत्र हवे आहे. आणि सुरू केलेला उपचार शेवटपर्यंत नेण्यासाठी एक राखीव निधी हवा आहे. जबडा रुंद करण्यास तीन आठवडे लागतात, पण तो टिकविण्यास महिने लागतात. बसभाडे आणि बुडणारी मजुरी यांपायी मधेच थांबलेला उपचार हा पूर्णतः वाया गेलेला खर्च असतो.

गळीत हंगामात ऊसतोडणीसाठी येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचा येथे विशेष उल्लेख करतो. ती काही महिने इथल्या फडांवर असतात आणि मग निघून जातात. जो उपचार पूर्ण करता येणार नाही तो त्यांच्यावर सुरू करणे योग्य नाही, म्हणून त्यांच्या दातांना आम्ही सहसा तार लावीत नाही. परंतु त्यांचे कान तपासणे, नाकाचा उपचार करणे आणि गावाकडच्या डॉक्टरांसाठी व्यवस्थित चिठ्ठी देणे, एवढे त्या महिन्यांत होऊ शकते. हे काम विनामूल्य चालू राहावे अशी आमची इच्छा आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली आपल्या तालुक्यातील कुंभोज येथे झाला. शाळेपासून कोणी दूर राहू नये यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. त्यांच्या जन्मभूमीत एखादे मूल शाळेत जाऊनही केवळ ऐकू येत नाही म्हणून मागे पडावे, ही आपणा सर्वांनाच लाजिरवाणी गोष्ट वाटेल.

ज्या मुलीची हकिकत सांगितली ती आता मोठी झाली आहे. जबडा रुंद झाल्यानंतर पुढे दीड वर्ष तारेचा उपचार चालला. तिचे घोरणे थांबले आणि ऐकणे पूर्ववत झाले. त्यात शस्त्रक्रियेचा वाटा किती, नाकातील फवाऱ्याचा किती, वाढत्या वयाबरोबर आकसणाऱ्या ॲडिनॉइडचा किती आणि आजींच्या चावीचा किती, हे आम्हाला वेगळे करून सांगता येणार नाही. कारखान्याची धुराडी पेटली की तिला अजूनही शिंका येतात आणि ती फवारा न्यायला येते. मागच्या खेपेस ती एकटीच आली होती. आजींची चौकशी केली तेव्हा म्हणाली, “आजीला आता कमी ऐकू येतंय. तिला कधी घेऊन येऊ?”

आम्ही तिला पुढच्या मंगळवारची वेळ दिली.